अकरा पादचारी

"सुदर्शन, तुझ्या मोजणीच्या दिशी आवस होती रे," दत्तोबाकाका फोनवर म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. जाताना तुझं दार उघडं राहिलंय, असं शेजाऱ्याने सांगावं तसं त्यांनी सांगितलं. सुदर्शन खराडीतल्या ऑफिसच्या आठव्या मजल्यावर काचेपाशी उभा होता. एका हातात फोन होता, दुसऱ्यात कागदी कप. तो शब्द कानातून आत उतरला आणि कप थोडासा चेपला. चहा सांडला नाही. आवस. पंचवीस वर्षांत त्याने हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला नव्हता. अमावास्या म्हणायचं. खरं तर तेही म्हणायची वेळ येत नाही, कारण ज्या कॅलेंडरवर त्याचे दिवस चालतात त्यात सोमवार असतात, सुट्ट्या असतात, चंद्र नसतो. "ऐकतोयस न्हवं?" काका म्हणाले. "वॉर्डाच्या हापिसात तुमचा कागद लावलाय. त्यात आपल्या कटापाशी माणसं किती, तर अकरा. अकरा! म्या म्हणलं, चष्म्याचा नंबर वाढला का काय. अरे, एकट्या गेनबाच्या नर्सरीत सकाळच्याला साठ बाया जात्यात. मंग म्या तारीख बघितली, कॅलेंडर काढलं. तर आवस. आवशीला कोण जातंय रानात?"

खाली रस्ता होता. आठव्या मजल्यावरून रस्ता नेहमी बरोबर वाटतो. गाड्या एकामागून एक सरकतात, दुभाजक सरळ रेषेत जातो, आणि माणसं दिसतच नाहीत. त्यासाठी मुद्दाम डोळे बारीक करावे लागतात. सुदर्शनची कंपनी शहरात नव्याने आलेल्या नऊ गावांचा वाहतूक आराखडा करत होती आणि त्यातलं एक गाव त्याचं स्वतःचं, तळेकरवाडी होतं. आठ वर्षांपूर्वी जिथे मेथी होती तिथे बावीस मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. दुपदरी रस्ता सहापदरी झाला होता, आणि गावाच्या बरोबर मधून गेला होता. घरं अलीकडे राहिली, रान पलीकडे. लोकांनी दुभाजकाचे दगड हलवून जागोजागी वाटा पाडल्या होत्या, त्यांना सगळे कट म्हणत. आराखड्यात अशा सगळ्या कटांची यादी होती, आणि कोणता ठेवायचा, कोणता बुजवायचा हे सूत्राने ठरायचं होतं. सूत्र साधं आहे. गर्दीच्या तासातले पादचारी, गुणिले त्याच तासातल्या गाड्यांच्या आकड्याचा वर्ग. वर्ग गाड्यांचा करतात, माणसांचा करत नाहीत. कॉलेजात त्याने हे पहिल्यांदा फळ्यावर पाहिलं तेव्हा त्याला आत कुठेतरी थंड वाटलं होतं, तापात कपाळावर ओली पट्टी ठेवल्यासारखं. कोण कुणाचा, कोणत्या गावचा, कसा बोलतो, हे सूत्र विचारत नव्हतं. तासाला चार हजार गाड्या असतील तर तेरा माणसं हवीत. तेरा असली की कट राहतो, तिथे सिग्नल बसतो, पट्टे मारले जातात. अकरा असली की लोखंडी जाळी लागते.

"आज शेवटचा दिस हाय हरकतीचा," काका सांगत होते. "पाच वाजेपत्तूर. आमचा साईनाथ म्हणला, लिवून द्या, बायांचे अंगठे घ्या, सह्या घ्या, सुनावणी लावावीच लागती त्यान्ला. म्या म्हणलं, थांब जरा. तिथं आपलंच पोरगं बसलंय. आपल्याच पोराच्या कागदावर अर्ज करायचा? बरं दिसंल का? त्याच्या साहेबासमोर त्याची मान खाली जायची. फोन करतो, म्हणलं, दुरुस्त करंल तो."

निघाल्याचे ठिकाण: तळेकरवाडी.
पोचल्याचे ठिकाण: आठवा मजला.
प्रवासाचे कारण:

असे फॉर्म त्याने आयुष्यात लाखभर पाहिले असतील. कुठून निघालात, कुठे पोचलात, कशाने, किती वेळात, कशासाठी. आता ते आपोआप छापले जातात, डोक्यात, कुणी बोलत असलं की. काका बोलत होते आणि तो रकाने भरत होता. काकांना काय सांगायचं होतं? चूक झाली असं? चूक ही माहीत नसलेल्या माणसाकडून होते.

त्या दिवशी सकाळी, डिसेंबरातल्या त्या बुधवारी, आई गॅसपाशी उभी होती. सत्तरीला टेकलेली बाई, पण गॅससमोर अजून अशी उभी राहते की जणू चूल आहे, एक पाऊल मागे, धूर चुकवायला. सुदर्शन बूट घालत होता. "कुठं चाललास एवढ्या सकाळी?" "मोजणी आहे आई, आपल्या कटापाशी." ती वळली. "आज? आज आवस हाय. आज कोण येणार हाय मोजून घ्यायला? गेनबा बी आज कामाला लावत नाय. म्या बी घरीच हाय बघ." त्याने नाडी ओढली, गाठ मारली, दुसरी गाठ मारली. नियम असा आहे की मोजणी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी घ्यावी, सण नसावा, शाळांना सुट्टी नसावी, पाऊस नसावा. आवशीचं नियमात काही नाही. "गाड्या आवस पाळत नाहीत," तो म्हणाला. आई हसली होती. तिला वाटलं पोरगा विनोद करतोय. तिला त्याचे विनोद आवडतात, समजले नाहीत तरी. फोन करून तारीख पुढे ढकलणं त्याला शक्य होतं. एक फोन. मोजणारी पोरं दुसऱ्या चौकात पाठवायची, गुरुवारी इथे आणायची, कुणीही काही विचारलं नसतं. जिना उतरताना फोन त्याच्या हातातच होता. तळमजल्यावर येईपर्यंत तो खिशात गेला. कुठल्या मजल्यावर गेला हे त्याला आजही आठवतं. तिसऱ्या.

कटापाशी तनया नावाची मुलगी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. यवतमाळकडची. सदाशिव पेठेत सहा जणींत एक खोली, स्पर्धा परीक्षेची तयारी, आणि मध्येच अशी मोजणीची कामं. मांडीवर पाटी, पाटीवर फॉर्म, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आडवी रेघ मारायची संधी तिला क्वचित मिळत होती. "सर, इथे तर कोणीच क्रॉस करत नाहीये," ती म्हणाली. "लोकेशन राइट आहे ना?" "राइट आहे." रस्त्यापलीकडे गेनबाच्या नर्सरीचं हिरवं कापड लोंबत होतं, फाटक बंद होतं, काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने उभी होती आणि त्यांच्यात एकही लुगडं दिसत नव्हतं. एरवी या वेळी कटावर बायांची रांग असते. सगळ्यांत पुढे मथुराबाई. ती हात वर करते, ट्रकवाल्याला शिवी देते, आणि ट्रक थांबतो. तिच्या मागे त्याची आई. तिच्या मागे बाकीच्या. त्या दिवशी चहाची टपरी तेवढी पलीकडे उघडी होती. सुदर्शन रस्ता ओलांडून गेला, चहा घेतला, परत आला. तनयाने पेन्सिल उचलून विचारलं, "सर, तुम्हाला धरू का? दोनदा क्रॉस केलं तुम्ही." "मला धरू नकोस," तो म्हणाला. "मी कामावर आहे." ती हसली. "कामावर असलेल्यांनाच तर धरतो ना सर." मग तिने खांदे उडवले आणि पेन्सिल खाली ठेवली. अकरा. दोन मिळवले तर तेरा. हे गणित त्याने तेव्हा केलं नव्हतं, असं तो स्वतःला सांगतो. पण चहाची चव त्याच्या जिभेवर अजून आहे. जास्त साखर, आलं नाही. ज्या गोष्टीत काही घडलं नाही तिची चव एवढी कशी राहते.

"गप का झालास?" काका.

"ऐकतोय, काका."

ऐकत नव्हता. तो सदाशिव पेठेत होता, सतरा वर्षांचा, लाकडी जिन्यावरच्या खोलीत. खालच्या मजल्यावर मालक शरच्चंद्रपंत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कॉलेजात नाव घातलंय का?" आणि हा म्हणाला, "हाय." पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हाय? हा नमस्कार समजायचा, की काही दुखतंय आपल्याला?" त्यात राग नव्हता. पंत चांगले होते, भाडं चार दिवस उशिरा घेत, तापात काढा पाठवत. पण त्या दिवसानंतर सुदर्शनने तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य आत एकदा धुऊन घ्यायला सुरुवात केली. आहे. नाही. कुठे. म्हणाले. दोन वर्षांत भाषा स्वच्छ झाली. मग एक दिवस आई आली. न सांगता. गावावरून पहिल्या बसने, हातात मेथीच्या चार जुड्या, टाचांच्या भेगांत काळी माती. पंतांच्या ओसरीवर ती बसली नाही, पायरीवर बसली. "सुदर्शन हाय का?" तिने विचारलं, आणि पंतांनी वर बघून हाक मारली, "अहो सुदर्शन, आपल्याकडे कुणी भाजीवाल्या बाई आल्यात." तो जिन्याच्या वरच्या पायरीवर होता. तिथून खाली बघितलं तर आईच्या डोक्याचा भांग दिसत होता, पांढरा, सरळ, मधोमध. दुभाजकासारखा. तो खाली उतरला. जुड्या घेतल्या. "ही माझी आई" हे वाक्य त्याने आत धुतलं, दोनदा धुतलं, आणि ते इतकं स्वच्छ झालं की उरलंच नाही.

पंत गेले. जमीन गेली. अलीकडचं पाऊण एकर बिल्डरने घेतलं, त्या बदल्यात दोन फ्लॅट दिले, करार आईच्या नावाने. म्हणजे आज सुदर्शन राहतो तो सातवा मजला कधीकाळी कांद्याच्या वाफ्यावरची हवा होता. पण आईला बसवत नव्हतं. जमीन विकल्यावर तिसऱ्या महिन्यात ती रस्ता ओलांडून गेनबाच्या नर्सरीत कामाला जाऊ लागली. पिशव्यांत माती भरायची, खुरपायचं, पाणी मारायचं. मजुरीवर. सुदर्शनची बायको नम्रता बँकेत अधिकारी. ती शांतपणे बोलते, आवाज कधी चढवत नाही. "आई, लोक विचारतात मला लिफ्टमध्ये. आपल्याला काही कमी आहे का?" आई म्हणाली, "कमी काय नाय, बाई. हात रिकामं ऱ्हातात." "मग बाल्कनीत कुंड्या लावा ना. छंद म्हणून." आई बाल्कनीत गेली, कुंड्यांकडे बघितलं, आणि बाहेर आली. "तितं बोलायला कोण हाय?" ती म्हणाली.

आणि ती वीस रुपयांची नोट. तिच्याजवळ यायचं नव्हतं, पण काका अजून फोनवर आहेत, सगळं रांगेने येतंय. कंपनीचे संचालक, संजय सर, एका रविवारी घरी आले होते. नव्या बंगल्यासाठी झाडं हवी होती. "इथे जवळच नर्सरी आहे म्हणे?" नाही म्हणता आलं नाही. गाडी यू-टर्न घेऊन पलीकडे गेली. आई घरी नव्हती, पण रविवार, देवळात गेली असेल, असं त्याला वाटलं होतं. रविवारीच तर गिऱ्हाईक येतं. ती कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक कुंडी घेऊन आली, पदर खोचलेला, कपाळावर माती. तिने सुदर्शनला पाहिलं. त्याने तिला पाहिलं. मध्ये संजय सर होते, डिकी उघडून उभे. एखादा क्षण असतो ज्याला पुढे आयुष्यभर भाडं द्यावं लागतं. तिने वाट पाहिली. फार नाही, एक श्वास. मग ती पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, कुंडी सरळ धरा, मुळं हलतील." साहेब. कुणाला म्हणाली? दोघांनाही चालेल असं म्हणाली. संजय सरांनी पाकिटातून वीसची नोट काढली. "घ्या मावशी." तिने ती घेतली, कपाळाला लावली, कनवटीला खोवली. गाडीत बसल्यावर संजय सर म्हणाले, "बघ, या वयातही किती ताकद असते या लोकांत." सुदर्शन म्हणाला, "हो ना." घरी आल्यावर तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. रात्रीच्या ताटात पिठलं होतं, त्याच्या आवडीचं, आणि तेच त्याला सहन झालं नाही. तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. मथुराबाई ट्रकवाल्याला देते तशा. तिने त्याला वाचवलं होतं, आणि वाचवलेला माणूस वाचवणाऱ्याकडे रोज सकाळी बघू शकत नाही. तेव्हापासून ती सकाळी डबा घेऊन निघाली की तो बाल्कनीच्या दारात उभा राहायचा. सातव्या मजल्यावरून कट स्पष्ट दिसतो. मथुराबाईचा हात वर, ट्रक थांबलेला, मागे आई. आणि तो मनात म्हणायचा. काय म्हणायचा? ती मरो असं नाही. इतका वाईट तो नाही. तो म्हणायचा, हे थांबावं.

प्रवासाचे कारण:

"सुदर्शन," काका म्हणाले, "तर मंग मी काय करू? साईनाथ अर्ज घिऊन बसलाय. तू म्हणशील तसं."

लेखी हरकत आली की तिला क्रमांक पडतो. क्रमांक पडला की सुनावणी होते, सुनावणीत तारीख निघते, तारखेपुढे तिथी लिहिली जाते, आणि कुणीतरी विचारतं की पर्यवेक्षक कोण होता, तो कुठला. फोनला क्रमांक पडत नाही. हे काकांना माहीत नव्हतं. काकांच्या हिशेबात कागद म्हणजे भांडण आणि बोलणं म्हणजे काम. आपल्या माणसाला सांगितलं म्हणजे झालं. अख्ख्या गावाने आजवर असंच केलेलं, बांध असाच सरकवला, पाणी असंच सोडलं, लग्नं अशीच जमवली. सुदर्शनने कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग तो आपल्या स्वच्छ, पंचवीस वर्षं धुतलेल्या भाषेतून खाली उतरला, एकेक पायरी, पार अंगणापर्यंत, आणि म्हणाला, "नका लिवू, काका. म्या बघतो."

"बघ बरं का," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मोकळा झाला की सुदर्शनला फोन कानापासून लांब धरावासा वाटला. "म्हणलं नव्हतं म्या साईनाथला! अजून आपलीच बोली हाय पोराच्या तोंडात. इसरला नाय."

पाच वाजले. पुढच्या आठवड्यात समितीपुढच्या सादरीकरणात त्या कटावर अकरा सेकंद गेले असतील, जास्त नाही. हिरव्या ठिपक्यांचे कट ठेवायचे, लाल ठिपक्यांचे बुजवायचे. "हरकती?" "या ठिकाणी एकही नाही," सुदर्शनने सांगितलं. ते खरं होतं. त्या संध्याकाळी त्याने काकांना फोन केला नाही. काकांनीही केला नाही. आपल्या माणसाला पुन्हा विचारायचं नसतं.

दिवाळीनंतर दोन दिवसांत जाळी लागली. हिरवी, छातीइतकी, वर टोकदार. गावकऱ्यांनी ती बघितली आणि सुरुवातीला त्यांना वाटलं, हे तात्पुरतं आहे, आपलं पोरगं बघतंय. दत्तोबाकाकांनी लोकांना तसंच सांगितलं. महिनाभर सांगितलं. मग ते पारावर यायचे बंद झाले. आता बाया काय करू लागल्या, तर अलीकडे बस धरायच्या, सव्वादोन किलोमीटरवरच्या चौकात उतरायच्या, तिथे रस्ता ओलांडायच्या, उलट्या दिशेची बस धरून सव्वादोन किलोमीटर परत यायच्या. चाळीस पावलांसाठी साडेचार किलोमीटर. पहिल्या तिमाहीच्या अहवालात तळेकरवाडी थांब्यावरचे बसचे प्रवासी बावीस टक्क्यांनी वाढलेले दिसले. संजय सरांनी तो आकडा ठळक करून घेतला. "सार्वजनिक वाहतुकीकडे लोक वळतायत, बघ." सुदर्शनने ठळक केला. त्या बावीस टक्क्यांत एक आई होती. नऊ दिवस ती बसने गेली. दहाव्या दिवशी बस आली नाही, आणि मथुराबाई म्हणाली असेल, चल गं.

तो व्हिडिओ अडतीस सेकंदांचा आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आला. कुणीतरी गाडीतून काढलेला, काच वर, आत गाणं चालू. मथुराबाई जाळीवर चढली आहे, एक पाय पलीकडे, आणि तिचं लुगडं वरच्या टोकात अडकलंय. तिला ना पुढे येता येत ना मागे. ती दोन्ही हातांनी लुगडं मांडीपाशी धरून ठेवते, कारण गाड्या थांबल्यात आणि लोक बघतायत, आणि हात लुगड्याला लागल्यामुळे तिला तोल धरता येत नाही. हॉर्न वाजतात. या वेळी ती कुणालाच शिवी देत नाही. मग खालून दुसरी म्हातारी येते, पाठमोरी, आणि टोकात अडकलेलं लुगडं सोडवायला टाचा उंचावते. टाचांच्या भेगा दिसतात. खाली लिहिलेलं होतं, या लोकांना सिव्हिक सेन्स कधी येणार. त्याखाली हसणारे चेहरे, चौतीस. नम्रताने फोन त्याच्यापुढे धरला. जेवणं व्हायची होती. आई स्वयंपाकघराच्या दारात खाली बसून मेथी निवडत होती, काड्या एकीकडे, पानं एकीकडे. "सुदर्शन, या आपल्या आई आहेत ना?" नम्रताने हळू आवाजात विचारलं. तिचा आवाज हळूच असतो. घरही लहानच आहे. त्याने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा बघितला.

"नाही," तो म्हणाला.

मेथी मोडण्याचा आवाज थांबला नाही. एक काडी, एक काडी, एक काडी. तेवढ्याच वेगाने. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नम्रता म्हणाली, "बरं झालं, आई, आराम करा आता." गेनबाने पलीकडच्या वस्तीतल्या बाया लावल्या. मथुराबाई गुडघा धरून बसली, एकदा लिफ्टपर्यंत आली होती, रखवालदाराने नाव विचारलं, फ्लॅट नंबर विचारला, तिला नंबर माहीत नव्हता. आई आता सकाळी बाल्कनीच्या दारात उभी राहते. बरोबर त्याच जागी, जिथे तो राहायचा. काय बघते त्याने विचारलं नाही. बघण्यासारखं तिथे काही नाही. रस्ता सुरळीत वाहतो. जे थांबावं असं तो म्हणायचा ते थांबलं, आणि त्याला वाटलं होतं की नंतर हलकं वाटेल. तेवढं एक वाटायचं राहिलं.

सहा महिन्यांनी कंपनीने घरोघरची पाहणी घेतली. आराखड्याचा परिणाम मोजायचा होता. घरं संगणक निवडतो, कंपनीतल्या माणसांची नावं आधीच वगळून. सातव्या मजल्यावरचा हा फ्लॅट द्वारका तळेकर यांच्या नावाने होता. वगळला गेला नाही. शनिवारी सकाळी अकराला बेल वाजली आणि दारात तनया, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "सर? ओ गॉड, हे तुमचं घर? मग स्किप करू का?" सुदर्शन हो म्हणणार होता. आतून आई आली. "कोण हाय? ये की आत, उन्हाची आलीस." तनयाने चपला काढल्या. पाणी प्यायली. मांडीवर टॅब घेतला, पूर्वी पाटी घ्यायची तसाच.

"आजी, घरात माणसं किती? तुम्हाला धरून."

"दोन."

"तुम्हाला धरून?"

"मला कशाला धरतीस?"

"धरावं लागतं, आजी." तनया हसली, सुदर्शनकडे बघून. तो हसला नाही. "बरं, तीन. आता काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही कुठे कुठे गेलात ते सांगा. दुकान, देऊळ, खाली बागेत, काहीही."

"कुठंच नाय."

"परवा?"

"नाय."

"आठवडाभरात?"

आईने आठवून बघितलं. मनापासून आठवलं, कपाळाला आठ्या घालून, कारण पोरगी उन्हातून आली होती आणि तिला काहीतरी द्यायला हवं होतं. "नाय गं," ती शेवटी म्हणाली, जरा ओशाळून.

"म्हणजे झिरो ट्रिप्स. कारण टाकावं लागतं." तनयाने पडद्यावर बोट सरकवलं. "आजारपण, सोबत नाही, वाहन नाही, गरज नाही, इतर. इतर टाकलं तर डिटेल लिहावं लागतं." तिने आधी आजीकडे बघितलं, मग सरांकडे. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाल्कनीचं दार उघडं होतं, सात मजले खाली गाड्या जात होत्या, सलग, कुठेही न अडता.

"गरज नाही," सुदर्शन म्हणाला. "लिही."

तनयाचं बोट पडद्यावर थांबलं. तिने पुन्हा आजीकडे बघितलं. आई मुलाकडे बघत नव्हती. ती पोरीच्या बोटाकडे बघत होती, कुणाचं तरी अवघड काम निगुतीने चाललंय अशा कौतुकाने.

"काल आवस नव्हती ना गं?" तिने विचारलं.

"माहीत नाही, आजी. का?"

"नव्हती. परवा झाली." आईने पदर सारखा केला. "मंग लिही. आवशीचं नसलं म्हंजे खरं धरत्यात."